नातीनं पकडलेल्या बाता

त्या दिवशी सुनेनं माझ्या ताटात भाकरीच्या आधी वही वाढली.

वही तिसरीतल्या नातीची होती, गणिताची. मी चष्मा लावून एक पान उघडलं आणि लगेच मिटलं. लाल फुल्या इतक्या, की कुणीतरी वहीत मिरच्या वाळत घातल्यात असं वाटावं. तसा लाल रंग मी काही कमी पाहिलेला नाही. आमच्या वावरात एका साली मिरची अशी पिकली होती, की वरून जाणारं विमान सिग्नल समजून थांबलं होतं. पण या वहीपुढं ते वावर फिकं.

"बगितलं का, मामा?" सून म्हणाली. "बावन्नातून अठरा गेले तर हिच्याकडं सेहेचाळीस उरायलेत."

"उरले तर उरले. कमी तर पडले न्हाईत ना? लेकराच्या हाताला बरकत हाय."

सून हसली नाही. ती हसली नाही की मी गुपचूप भाकरीकडं बघतो, पण त्या दिवशी ताटात भाकरीही नव्हती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "एप्रिलमधी वार्षिक परीक्षा हाय. त्यात गणित जमलं तर ठीक. न्हाई जमलं तर जूनपासून हिला परभणीला मावशीकडं ठिवते. तिथं कॉलनीत गल्लोगल्ली क्लास हायत."

नात उंबऱ्यात बसून चिंचोके खेळत होती. तिनं मान वर केली नाही, पण चिंचोक्यांचा आवाज थांबला.

"अगं, आठ वर्षाचं लेकरू ते..."

"माझं दहावीला गणितातच अडलं, मामा. तिथंच शाळा सुटली. मला नर्स व्हायचं व्हतं. हिचं तसं होऊ द्यायचं न्हाई मला."

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. मला बोलायला न सुचणं ही आमच्या सेलू तालुक्यात दुष्काळापेक्षाही दुर्मीळ घटना आहे. मी मदतीसाठी मुलाकडं पाहिलं. तो जिनिंगवर कामाला जातो, कापसाच्या मोठमोठ्या गठाणी बांधतो. त्यानं तशीच एक गठाण भाकरीची करून तोंडात घातली, म्हणजे पुढची दहा मिनिटं त्याला मत द्यायला नको.

आता मला एवढं काय झोंबलं, ते सांगतो. मी बाता मारणारा माणूस. आमच्याकडं बात म्हणजे साधं खोटं नव्हे. खोटं बोलून माणूस दुसऱ्याचं काहीतरी नेतो, बात मारून तो आपल्या पदरचं घालतो. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात एके काळी मी बाकड्यावर बसलो की हॉटेलवाला न विचारता चहात पाणी वाढवायचा, कारण पुढच्या दोन तासांत गिऱ्हाईक हलणार नाही हे त्याला ठाऊक असायचं. माझी बात ऐकत ऐकत जिंतूरच्या तीन बस चुकवलेली माणसं मी पाहिलीत. पण आता बाकड्यावरची सगळी मंडळी मोबाईलात मान घालून बसतात. घरी बायको होती. "पुरे झालं" म्हणत का होईना, ऐकायची. ती जाऊन चार वर्षं झाली. साऱ्या मुलखात माझ्या बाता पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेणारं एकच माणूस उरलं होतं. ते आठ वर्षांचं होतं, आणि आता ते परभणीला निघालं होतं.

"मी शिकवतो तिला गणित," मी म्हणालो.

"तुमी?" सून म्हणाली. एका शब्दात माझा सगळा शैक्षणिक इतिहास येऊन गेला. शाळेत गुरुजींनी मला फळ्यापाशी बोलावलं की मी घाबरत नसे, फळा घाबरायचा. तरीपण जिद्दीला पेटलो.

पहिले सात-आठ दिवस मी सगळे करतात तेच केलं. पोरीला समोर बसवलं, डोळे मोठे केले आणि विचारलं, "सात सक?" पोरीची नजर लगेच जमिनीवर. जणू उत्तर हातातून निसटून बाजेखाली गेलं, आणि ती ते शोधायलीय. पोरगी मठ्ठ होती असं बिलकुल नाही. कोणाच्या शेळीला किती पिल्लं झाली, कोणती बस फाट्यावर किती वाजता येते, कुठली कोंबडी कुठं अंडं लपवते, सगळं तोंडपाठ. पण 'किती?' असं कुणी तोंडावर विचारलं, की तिचं डोकं कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकायचं.

आठव्या दिवशी पाढ्याच्या मध्येच तिनं मला विचारलं, "आबा, मावशीकडं बाता कोन सांगतं?"

मी म्हणालो, "तिथं टीव्ही हाय की."

"त्याला मधी मधी काही इचारता येत न्हाई," ती म्हणाली.

मी त्या दिवशी पाढ्याचं पुस्तक मिटून ठेवलं.

खरी शाळा भरली ती वावरात, आणि तीही माझ्या इच्छेनं नव्हे. फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आली. काढून, कणसं मोडून झाली की खाली उरतो तो कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. त्याच्या पेंढ्या बांधायच्या. रविवार होता. मी बांधावर पाणी प्यायला टेकलो होतो, नात शेजारी. जागा चांगली होती, ऐकणारं माणूस होतं, म्हणून मी सुरुवात केली.

"माय, तुझा आबा ज्वानीत एका दिवसात एकटा हजार पेंढ्या बांधायचा. हात इतक्या जोरात चालायचे, की वारा सुटून शेजारच्या वावरातला कडबा उडायचा."

"दिवस म्हंजी किती ते किती?"

"सहा ते सहा. मधी जेवायलासुदिक उठायचो न्हाई."

ती शेजारच्या पेंढीची गाठ चाचपत बसली. मग म्हणाली, "आबा, एक पेंढी बांधून दावा."

मी उठलो. ताटं गोळा केली, दोन ताटांना पीळ देऊन बांधायचा बंद केला, गुडघा दाबून गाठ मारली. गुडघ्याचा कड्कन आवाज आला. मागं पोरगी माझा मोबाईल हातात धरून उभी. त्यात तिनं घड्याळ लावलेलं!

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

"आता वय झालंय, माय."

"बरं, त्या ताईला बगू." ती पळत गेली, शेजारच्या पाथीवर बांधणाऱ्या एका बाईपाशी उभी राहिली आणि परत आली. "तिलाबी दोनच मिनिटं लागली. ती तर ज्वान हाय."

मग ती खाली बसली आणि काडीनं मातीत रेघा ओढायला लागली. तासात साठ मिनिटं. पेंढीला दोन. म्हणजे तासात तीस. बारा तास म्हणून तिनं बारा ढेकळं ओळीत मांडली आणि एकेका ढेकळाला बोट लावत गेली. तीस, साठ, नव्वद, एकशेवीस... शेवटच्या ढेकळापाशी ती तीनशे साठवर थांबली. माझ्याकडं पाहिलं. डोळे असे चमकले, की मला वाटलं आता वावर पेटतंय.

"आबा! हजार न्हाई! तीनशे साठ! बात हाय, बात! पकडली!"

आयुष्यात मला पुष्कळांनी खोटारडा म्हटलंय. पण इतक्या आनंदानं आणि इतक्या पुराव्यानिशी कुणी म्हटलं नव्हतं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिला 'किती?' असं कुणीच विचारलं नव्हतं. ते ती स्वतःच मला विचारायली होती.

त्याच बांधावर आम्ही खेळाचे नियम केले. मी रोज एक बात सांगायची, तिच्यात आकडा पाहिजेच. तिनं तीन प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं मी खरी द्यायची. हे मला फार जड गेलं, पण कबूल केलं. गणितानं बात पकडली, तर जेवढी बात जास्त असेल तेवढ्या उड्या मी एका पायावर मारायच्या.

"हजारातून तीनशे साठ गेले," तिनं मातीत लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, "सहाशे चाळीस. मारा उड्या."

"अगं, आबा मरंल की!"

तिनं दया दाखवली. शंभराला एक उडी असं ठरलं. "मग सहा उड्या. आन चाळीस उरले. ते पुढच्या बातेत मिळवायचे, सोडायचे न्हाईत."

मी सहा उड्या मारल्या. सहावीला दुधना नदीतलं पाणी हललं असं लोक सांगतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकरीची बात काढली. सून चुलीपाशी भाकरी थापत होती. "तुझ्या आजीच्या हातच्या भाकरी मी एका बसणीला ऐंशी खायचो."

नातीनं चुलीपुढच्या टोपल्यातून पाच भाकरी उचलल्या, एकीवर एक रचल्या आणि बोटं आडवी लावली. "पाच भाकरी तीन बोटं." मग ऐंशीत पाच किती वेळा, यावर ती बराच वेळ चिंचोके मांडत बसली. सोळा ढीग झाले. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. "ऐंशी भाकरी म्हंजी अठ्ठेचाळीस बोटं उंच." त्यानंतर ती उठली, मला ताठ बसवलं, आणि माझ्या गळ्यापासून बेंबीच्या खालपर्यंत बोटं मोजत आली. गुदगुल्यांनी माझा जीव गेला. सव्वीस बोटं भरली.

"आबा, बाकीच्या बावीस बोटं भाकरी कुठं ठिवायचात? टोपीत का?"

चुलीपाशी काहीतरी आवाज झाला. सून खोकली असं मी समजलो.

"आता खरं सांगा, किती खायचात?"

"आठ."

तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

"तीन," मी म्हणालो.

"ऐंशीतून तीन, सत्याहत्तर. मागले चाळीस. एकशे सतरा. एक उडी, सतरा उरले."

"ह्यो काय अभ्यास हाय का?" सून भाकरी उलटत म्हणाली. "पाटीवर एक अक्षर न्हाई, आन निसत्या उड्या." पण टोपल्यातल्या भाकरींना हात लावला म्हणून ती रागावली नाही, हे मी टिपून ठेवलं.

इथं माझी एक लबाडी सांगून टाकतो. पोरगी शाळेत गेली की मी तिचं गणिताचं पुस्तक काढून बघायचो आणि शाळेत जे चाललंय त्या मापाची बात बेतायचो. सातचा पाढा कच्चा होता, तर मी आठवड्याच्या बाता काढल्या. "एका आठवड्यात मी सत्तर कोल्हे पळवले, रोज आठ." ती म्हणाली, "सात आठे छप्पन. मंग रविवारी बावीस पळवले का? रविवारी कोल्ह्यांचा बाजार असतो का?" भागाकार आला, तर वाटणीच्या बाता. हातच्याची वजाबाकी तर उड्यांमुळं रोजच व्हायची. पण बात अशी पाहिजे, की पकडली जावी आणि सहज पकडली जाऊ नये. त्यासाठी मला आधी स्वतः गणित करावं लागे. फाट्यावरच्या हॉटेलात मी पेपराच्या कडेला गुणाकार करत बसलेला पाहून हॉटेलवाल्यानं विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" पंचवीस हजार बाता मारून झाल्यावर सत्तरीच्या तोंडाशी मला कळलं, की नीट बात मारायला गणित यावं लागतं. आधी कळतं तर मी फार वर गेलो असतो.

मार्चात कडबा घरी आणून गंजी लावली, तेव्हा मात्र मी जिंकलो. पाच पेंढ्या एकत्र म्हणजे एक पाचुंदा. आमच्याकडं कडबा पाचुंद्यांनी मोजतात. पोरगी गंजीपाशी उभी राहून पाचाचा पाढा असा म्हणायली होती, की बैलसुद्धा तालावर चारा चावत होते.

"शंभर पेंढ्यांना किती पाचुंदे?" मी विचारलं.

"वीस!"

"चूक. कडब्याचा शेकडा एकवीस पाचुंद्यांचा असतो."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाच वीस शंभर. पाच एकवीस एकशे पाच. बात हाय, आबा. मारा उडी."

"बात न्हाई, माय. खरंच तसं हाय."

"मारा."

मी शपथ घेतली. माझ्या शपथेवर घरातली मांजरसुद्धा विश्वास ठेवत नाही. शेवटी ती आईकडं गेली. सून अंगण झाडत होती.

"खरं हाय ते," सून म्हणाली. "कडबा देताना शंभराला एक पाचुंदा वर द्यायची रीत हाय. एखादी पेंढी बारीक निघती, एखादी सुटून जाती. घेणाराचं मन भरावं म्हनून वर एक."

नात गंजीभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "म्हंजी शाळेचा शंभर येगळा आन कडब्याचा शंभर येगळा." त्या दिवशी तिनं माझे पाय चेपून दिले. मी हरलेलं माणूस कसं असतं ते प्रथमच दुसऱ्या बाजूनं पाहिलं, आणि मला ते आवडलं.

एप्रिलात परीक्षा झाली. गणिताचा पेपर देऊन पोरगी उड्या मारत आली.

"कसा गेला, माय?"

"सोपा व्हता. सगळ्या बाता पकडल्या."

मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मी आनंदात होतो. फाट्यावर जाऊन चौघांना चहा पाजला आणि सांगितलं, की आमची नात कलेक्टर झाली तर तिच्या गाडीत पुढं कोण बसणार, ते आत्ताच ठरवून घ्या.

महिनाअखेरीला शाळेत पालकांना पेपर दाखवायला बोलावलं होतं. सून गेली. परत आली. पेपर माझ्यापुढं टाकला आणि आत गेली.

बेरजा, वजाबाक्या, पाढे, सगळ्यांवर बरोबरच्या खुणा. हातच्याची वजाबाकीसुद्धा बरोबर! मी पान उलटलं. मागं शाब्दिक उदाहरणं होती, सगळ्यात जास्त मार्कांची.

प्रश्न होता: एका मजुराने एका दिवसात ९०० पेंढ्या बांधल्या, तर त्याने ४ दिवसांत किती पेंढ्या बांधल्या? खाली माझ्या नातीच्या गोल गोल अक्षरात उत्तर: 'बात हाय. एका पेंढीला दोन मिनिटं लागतात. दिवसात ३६० होतात. मजुराला इचारा.'

पुढचा प्रश्न: एका मुलाने रोज २५ केळी खाल्ली, तर ६ दिवसांत किती केळी खाल्ली? उत्तर: 'बात. पोटात मावत न्हाईत. बोटानं मोजून बगा.'

तिसरा: एका डब्यात १२ लाडू, तर ८ डब्यांत किती? उत्तर: 'हे खरं असू शकतं. ९६.'

असे दहा प्रश्न. त्यातले सात तिनं बाता म्हणून पकडले होते आणि एकही सोडवला नव्हता. त्या सातांवर सात लाल फुल्या.

आतून पेटी ओढल्याचा आवाज आला. मी दारात गेलो. सून एका कापडी पिशवीत पोरीचे कपडे घालायली होती. चौदा एप्रिलच्या जयंतीला शिवलेला पांढरा फ्रॉक, निळ्या पट्ट्याचा, तिनं हातानं सारखा करून घडी घातला आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. नात भिंतीला टेकून उभी होती.

"आई, पण ती बातच व्हती..."

"गप बस."

"सूनबाई," मी म्हणालो, "चूक माझी हाय. उद्या मला मॅडमला भेटू दे. तुमी दोघीबी चला."

"आन तिथं जाऊन काय सांगणार तुमी? बात?"

पण सकाळी ती चप्पल घालून दारात उभी होती.

शाळेत मी कितीतरी वर्षांनी पाय ठेवला. फळा पाहून मला जुनी ओळख पटली. मॅडम तरुण, सेलूहून स्कूटीवर येतात. मी हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजून मापून बोलायला लागलो. जीभ अशी अडखळली, जसा ढेकळांतून चालणारा माणूस एकदम डांबरी रस्त्यावर अडखळावा. "मॅडम, मी हिला घरी एक खेळ शिकवला. मी आकड्याची बात सांगायची, हिनं ती गणितानं पकडायची. म्हनून हिनं पेपरात तसं लिवलं. लेकराची चूक न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ते आबा तुम्हीच का? अहो, दोन महिने झाले, ही मुलगी वर्गात मला काही बोलू देईना! परवा मी सहज म्हणाले, मी सेलूहून दहा मिनिटांत येते. तर हिनं स्कूटीचा काटा किती असतो, अंतर किती, सगळं विचारून मला सगळ्या वर्गापुढं खोटं पाडलं."

"उड्या मारायला लावल्या का?" मी विचारलं.

"नाही."

"मग सुटलात."

सून माझ्याकडं बघायली होती, म्हणून मी गप्प झालो.

मॅडमनी नातीला जवळ घेतलं. "हे बघ बाळ, पेपरातला प्रश्न खरा आहे का, ते तपासायचं नसतं. तो सोडवायचा असतो."

"खोटा असला तरी?"

"खोटा असला तरी."

नात चकित झाली. इतकी मोठी माणसं, इतके छापलेले पेपर, आणि त्यात हे असलं चालतं, हे तिला माहीतच नव्हतं. "म्हंजी बातच मोजायची का?"

"हो. बातच मोजायची."

"हात्तिच्या!" ती म्हणाली. मग तिनं छताकडं पाहिलं. जमिनीकडं नव्हे, छताकडं. "मजुराच्या बातेनं चार दिवसाच्या छत्तीसशे पेंढ्या. आन खऱ्या चौदाशे चाळीस. एकवीसशे साठ बात. एकवीस उड्या, साठ उरले."

मॅडमनी कागदावर करून पाहिलं. त्यांना जरा वेळ लागला. मग त्या सुनेकडं बघून हसल्या. "बरोबर आहे."

"पंचवीस केळी सहा दिवस?" मॅडम.

"दीडशे. लेकरू दवाखान्यात."

आणि मग माझ्या सुनेनं, जी घरून निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, तिनं एकदम विचारलं, "बावन्नातून अठरा?"

"चौतीस," नात म्हणाली. "आई, ह्यात बात कुठं हाय?"

सुनेनं तोंड खिडकीकडं वळवलं. बाहेर मैदानात एक झेंड्याचा खांब होता, त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. तिनं पदरानं नाक पुसलं.

मार्क काही वाढले नाहीत. मी जरा चाचपून पाहिलं, पण मॅडम म्हणाल्या, "पेपर तो पेपर, आबा," आणि ते रास्तच होतं. फक्त त्यांनी जाता जाता सुनेला एवढं सांगितलं, की हिला क्लासची गरज नाही, पुढल्या वेळी प्रश्न सोडवून मग भांडण करायचं, एवढंच हिला सांगा.

घरी येईपर्यंत सून पुढं, मी आणि नात मागं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. नातीनं माझं बोट धरलेलं. मी एक बात काढावी म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. त्या दिवशी मला एकही आकडा सुचला नाही.

घरी आल्यावर सून सरळ आत गेली. आम्ही दोघं उंबऱ्यात उभे. तिनं कापडी पिशवी उचलली, बाजेवर पालथी केली आणि पांढरा फ्रॉक झटकून खुंटीला लावला.

"एक वर्ष बगते, मामा," ती आमच्याकडं पाठ करूनच म्हणाली. "चौथी इथंच करू द्या. पण एकच वर्ष."

मी दाराची चौकट धरून उभा होतो. ती धरली नसती तर पडलो असतो. ही बात नाही.

नात आत गेली, आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "आई, एक वर्ष कोणतं? शाळेचं का कडब्याचं?"

"म्हंजी गं?"

"शाळेचं म्हंजी बारा महिने. कडब्याचं म्हंजी वर एक."

सुनेनं ओठ दाबून धरले. पण माझ्याकडं वळली तेव्हा तिचं हसू तिच्याच्यानं आवरत नव्हतं, आणि ते मी चार महिन्यांनी बघत होतो.

"कडब्याचं," ती म्हणाली.

"मग आबा, अंगणात चला," नात म्हणाली. "एकवीस उड्या राहिल्यात."

"अगं, ती मजुराची बात व्हती. माझी न्हाई!"

"बाता मारायला त्याला शिकवलं कुणी?"

मी धोतर खोचलं आणि अंगणात गेलो. सून दारात येऊन उभी राहिली, आणि आत भाकरी करायच्या राहिल्यात हे ठाऊक असूनही ती तिथंच उभी राहून, ओठ हलवत, माझ्या उड्या मोजायला लागली.